आमची वाटचाल : जिन्याखालून सुरुवात

गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली आमचं दुकान आहे. ७ फूट बाय ४ फूट. उंच गिऱ्हाईक वाकूनच बोलतं. वडिलांनी इथे ३५ वर्षं एचएमटीची घड्याळं दुरुस्त केली. जनता, पायलट, सगळी चावीची. मग मोबाइल आला आणि लोकांची मनगटं मोकळी झाली. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, त्याच्या कितीतरी आधीच आमचा गल्ला सेल बदलण्यावर आला होता.

पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या माणसांच्या, घड्याळांकडे आम्ही काही ठरवून वळलो नाही. २०१३ च्या मे महिन्यात गुहागरकडचे एक काका आले. जन्म जहाजावर फिटर म्हणून गेलेला. रुमालात सिंगापूरला घेतलेलं, जपानी सेको कंपनीचं तसलं घड्याळ होतं : उशीसारखी फुगीर केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, चावी चारच्या आकड्याशेजारी, आत ६३०९ मशीन. मागच्या झाकणावरच्या नंबराचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. दर दहा वर्षांनी तोच आकडा फिरून येतो. पण हे मॉडेल १९७६ ते १९८८ एवढंच निघालं, म्हणून यांचा २ म्हणजे १९८२ च. ६, ७ किंवा ८ आला की मात्र अजूनही डोकं खाजवावं लागतं.

मशीन वडिलांनी खोललं, धुतलं, तेल दिलं. डायल आणि केस माझ्याकडे होती, आणि मी नवा, उत्साही. डायलवरचे ठिपके पिवळे पडलेले, म्हणून ती रंगवायला दिली. केस बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली. वरच्या बाजूला कारखान्याने मारलेल्या बारीक रेघा गेल्या, कडा गेल्या, केस साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. मला वाटलं, काय चमकतंय!

काका घड्याळ घेऊन दाराशी उजेडात गेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाचच्या खालचा डाग कुठे गेला रे?" सौदीतल्या दमाम बंदराच्या धक्क्यावर काच फुटली होती, तेव्हा खारं पाणी आत गेलं, त्याचा तो डाग. त्यांनी ठरलेले पैसे दिले आणि चहाला न थांबता गेले. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी बफची मोटर काढून घरी घेऊन गेले.

अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशातले शौकीन नाक मुरडून 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव शिवीसारखं वापरलेलं ऐकून राग येतो. खरं सांगायचं तर सगळा राग त्यांच्यावर नाही. पण डायल रंगवणाऱ्यांचा हात काय साधा असतो का? ज्याला कमी पैशात चालतं आणि बरं दिसणारं घड्याळ हवं होतं, त्याचं काम त्यांनी चोख केलं. फसवणूक होते ती रंगवलेली डायल 'ओरिजिनल' म्हणून विकताना.

तेव्हापासून प्रत्येक घड्याळाला एक कागद लागतो. काय बदललं, काय नुसतं साफ केलं, कशाला हात लावला नाही, सगळं त्यावर. काढलेले पार्ट पुडीत बांधून परत. बायकोने नोकरी सोडून फोटो, पार्सल आणि हिशेब हातात घेतले, तेव्हा कुठे पुणे, वास्को आणि दुबईहून कामं यायला लागली. महिन्याला १२ घड्याळं करतो. त्याहून जास्त घेतली की चुका होतात.

या घड्याळांची खरी मजा झाकण उघडल्यावर. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी वॉशरचं डांबर झालेलं असतं, ते लाकडी काडीने खरवडावं लागतं. बाहेरच्या फिरत्या रिंगखाली मीठ आणि मळ मिळून दगड. ६३०९ ला चावी देता येत नाही, घड्याळ हातात हललं तरच स्प्रिंग भरते. हे माहीत नसलेली मंडळी चावी फिरवत बसतात आणि तिचे आटे झिजवतात.

बंद करताना पावसाळा आमचा वैरी. जुलैतली ओली हवा केसमध्ये कोंडली गेली, की गिऱ्हाईक एसीत बसल्यावर काचेला आतून वाफ धरते. म्हणून मशीन, केस, सगळं रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात. मग घड्याळ यंत्रात पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब द्यायचा, थांबायचं, पाण्यात बुडवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. बुडबुडे आले की लगेच वर. आमचं यंत्र ६ बारपर्यंतच, म्हणजे साधारण ६० मीटर खोल पाण्याच्या दाबापर्यंतच जातं, आणि डायलवर लिहिलेलं असतं १५० मीटर. त्यामुळे चाचणीत पास झालेलं घड्याळही पोहायला नेऊ नका, असं आम्ही कागदावर लिहून देतो. काहींना ते पटत नाही.

अंधारात चमकणाऱ्या सगळ्याला आपण 'रेडियम' म्हणतो, रिक्षावरच्या स्टिकरलासुद्धा. पण १९६० च्या आधीची पाणबुड्यांची काही स्विस घड्याळं येतात, त्यांत खरोखरचं रेडियम असतं. चमक केव्हाच गेलेली असते, किरण मात्र चालूच, कारण रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. ती पूड नाकात जाणं वाईट. असे काटे आम्ही खरवडत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी.

गेल्या वर्षी काकांचा मुलगा तेच सेको घेऊन आला. काका आता नाहीत. मधल्या काळात चोरबाजारात मला त्याच मॉडेलची मूळ डायल मिळाली होती, ठिपके पिवळे, कुठेही रंग न लागलेली. फुकट बसवून देतो म्हणालो. तो म्हणाला, "नको. बाबांनी शेवटची नऊ वर्षं हीच बघितली." मेनस्प्रिंग आणि वॉशर बदलले. कागदावर लिहिलं : डायल रंगवलेली, २०१३, आमच्याकडूनच. हात लावला नाही.