दोन सुतांची चूक

सोमवार, २४ जून २०२४. रात्रभर कोसळलेल्या पावसाने सकाळी थोडी उघडीप दिली होती. चिपळूणच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानाच्या फळ्या मी काढत होतो, तेवढ्यात शृंगारतळीजवळच्या एका गावचे, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार पायरीशी येऊन उभे राहिले. ते पहिल्या एस.टी.ने आले होते. त्यांनी पिशवीतून तपकिरी रंगाचे एक होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वर कमरेला लावायची चामड्याची गवसणी, काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तुमचं किट मी शिवलं. माझा हात काही कारागिराचा नाही, तेव्हा चूक माझीच असणार. पण एकदा बघा."

आमचे घराणे चामड्याच्या कामाचे. वडिलांनी आयुष्यभर वहाणा शिवल्या आणि शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे पट्टे व गवसण्या दुरुस्त केल्या. मी गेली आठ वर्षे किटांचा व्यापार करतो. होल्स्टरच्या एका किटात कापलेले चामडे, मेण लावलेला दोरा, बोथट टोकाच्या दोन सुया, टिचबटण, कमरपट्ट्यासाठी जाड पट्टी आणि मूळ मापाचा कागदी पॅटर्न असतो. चामडे मी धारावीतून आणतो. पॅटर्न एका अमेरिकन कारागिराकडून विकत घेतले आहेत, आणि त्यांवरून किट तयार करून विकण्याची लेखी परवानगी वेगळे पैसे मोजून घेतली आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक परवानाधारक निवृत्त सैनिक, थोडे बागायतदार, थोडे व्यापारी. कोयत्याच्या म्यानाचे किटही मी ठेवतो, पण कोकणात कोयता कमरेच्या आकडीला उघडाच अडकवण्याची रीत असल्यामुळे ते फारसे खपत नाही. होल्स्टर हे शस्त्र नसल्यामुळे ते विकायला परवाना लागत नाही. तरीही दुकानात कोणी शस्त्र आणायचे नाही असा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे. मापासाठी मी कानपूरच्या आयुध कारखान्यातील .३२ बोअरच्या रिव्हॉल्वरच्या आकाराचा एक लाकडी नमुना सुताराकडून शिवण नावाच्या झाडाच्या लाकडात करून घेतला आहे.

तो नमुना मी हवालदारांच्या होल्स्टरमध्ये सरकवला. नळी सहज गेली. गोळ्यांचे चक्र जिथे बसते तिथे मात्र नमुना अडकला आणि जोर लावूनही पुढे सरकेना. वरचा सुरक्षापट्टा बटणापर्यंत पोहोचतच नव्हता.

माझी पहिली शंका वाळवण्यावर गेली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे कोमट पाण्यात भिजवले की हाताने वळते, आणि सावलीत वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ राहते, त्यामुळे ते होल्स्टरला चालत नाही. या सालीच्या चामड्याचा एक दोष आहे. ओले असताना त्याला आच लागली की ते आक्रसते आणि कडक होते. जून महिन्यात कोकणात काहीच वाळत नाही, तेव्हा लोक चुलीचा आधार घेतात हे मला ठाऊक होते. म्हणून मी विचारले, "चुलीजवळ तर नाही ना वाळवलंत?"

"माजघरात, दोरीला टांगून, चार दिवस," ते म्हणाले. "तुम्ही कागदावर लिहिलंय तसंच."

त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते. चामड्याची कड मी नखाने दाबून पाहिली. आचेने जळलेल्या चामड्याची कड ठिसूळ होते आणि वाकवली की तडकते. ही कड चिवट होती. मग हवालदारांनी होल्स्टर उलटे धरून मला आतली बाजू दाखवली, आणि ते पाहिल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. जागा अपुरी असल्यामुळे चामडे चापाभोवतीच्या कड्यापाशी आत दुमडले होते आणि त्या घडीची एक जिभली थेट चापाच्या जागेत शिरत होती. शस्त्र होल्स्टरमध्ये घालताना अशी घडी कड्यात अडकली तर वरून दाबणारा हात स्वतःच चाप ओढतो. हवालदारांनी सवयीप्रमाणे आधी सर्व गोळ्या काढून, रिकाम्या रिव्हॉल्वरने ते तपासले होते. प्रत्येक गिऱ्हाईक वीस वर्षे सैन्यात राहिलेले नसते.

मी मांडणीवरून न उघडलेले एक किट काढले, त्यातला पॅटर्न फळीवर सपाट पसरला आणि पोलादी पट्टी घेतली. पॅटर्नच्या उजव्या कोपऱ्यात तपासणीसाठी एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा चौकोन छापलेला असतो. तो चौकोन २४.७ मिलिमीटर भरला. पुन्हा मोजला. दुसरे किट उघडले, तिसरे उघडले. सगळीकडे २४.७.

ते सात दशांश मिलिमीटर कुठून आले, हे समजायला मग वेळ लागला नाही. अमेरिकेत छपाईचा नेहमीचा कागद साडेआठ इंच रुंद असतो, म्हणजे जवळजवळ २१६ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० मिलिमीटर रुंद आहे. मूळ फाइल त्या मोठ्या कागदासाठी केलेली होती. मार्च महिन्यात मी ती एका छपाईच्या दुकानात दिली, तेव्हा संगणकाने संपूर्ण चित्र आपल्या कागदात मावावे म्हणून ते आपोआप सुमारे पावणेतीन टक्क्यांनी लहान केले. छापणाऱ्याने 'फिट टू पेज' हा पर्याय तसाच ठेवला असणार, पण त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो चौकोन मोजण्याचे काम माझे होते. त्या कागदावरून मी पुठ्ठ्याचा साचा कापला आणि साच्यावरून रापीने चाळीस किटे कापली. दोन्ही बाजूंची भोके सारख्याच प्रमाणात जवळ आल्यामुळे शिवताना कुठेच काही चुकल्यासारखे वाटत नाही, टाक्याला टाका जुळत जातो. पण होल्स्टरच्या उघड्या पसरटीची नऊ इंचांची रुंदी सव्वासहा मिलिमीटरने कमी झाली होती. शस्त्राची निम्मी जाडी आणि चामड्याची जाडी धरून शिलाईची रेघ ठरवलेली असते. तिथे इतकी तूट चालत नाही.

आता प्रश्न राहिला की मार्चपासून विकलेल्या किटांविषयी जूनच्या अखेरीपर्यंत एकही तक्रार का आली नाही. याचे उत्तर हवालदारांनीच दिले. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली, आमच्याकडचे मतदान ७ मे रोजी झाले, आणि त्या काळात अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागली होती. लोकांनी रिकाम्या वेळात होल्स्टरे शिवून ठेवली; त्यांत घालून पाहायला शस्त्रच घरी नव्हते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती परत मिळू लागली होती. म्हणजे धोका नुकता कुठे सुरू होत होता.

चाळीसपैकी नऊ किटे मांडणीवर होती. एकतीस गेली होती, त्यांतली सहा सावंतवाडीच्या एका दुकानदाराला पुढे विकण्यासाठी दिलेली. मी वही काढली आणि दूरध्वनी करायला बसलो. हवालदार धरून थेट विकलेली पंचवीस किटे होती. उरलेल्या चोवीस जणांपैकी तेरा जणांनी किट अजून उघडलेच नव्हते. आठ जणांनी शिवले होते. तिघांचा संपर्क होईना. त्यांतले दोघे लावणीला शेतात होते आणि संध्याकाळी त्यांनी उलट फोन केला. त्या आठ संभाषणांत मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही, की आठांपैकी पाच जणांना होल्स्टर घट्ट झाल्याचे आधीच कळले होते, आणि पाचही जणांनी ते स्वतःचा हात कच्चा आहे म्हणून सोडून दिले होते. एका गृहस्थांनी तर शिलाई दोनदा उसवून पुन्हा घातली होती. किट विकत घेणारा माणूस शिकाऊ असतो. बिघडले की तो आधी स्वतःकडे बोट दाखवतो, आणि त्याच्या या सरळपणामागे माझी चूक तीन महिने लपून राहिली.

बाबा एव्हाना घरून दुकानात आले होते. वय झाल्यापासून ते कामाला हात लावत नाहीत, पण ऐकत होते. त्यांनी विचारले, "कमी किती पडलं?"

"सव्वासहा मिलिमीटर."

"म्हणजे दोन सूत," ते म्हणाले. सुतार, गवंडी आणि जुने चर्मकार इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. "आणि चामडं किती जाडीचं?"

"सव्वातीन. एक सूत."

"मग कडेच्या शिलाईत दोन पट्ट्या भर की रे. वहाणेच्या तळात घालतो तशा."

मी मापे पुन्हा करून पाहिली. कडेची शिलाई उसवून दोन थरांच्या मधे त्याच चामड्याच्या दोन अरुंद पट्ट्या घातल्या, तर घेर बरोबर दोन सुतांनी वाढतो आणि जुनी भोके तशीच वापरता येतात. लांबीतली तूट राहते, पण त्याने नळीचे टोक थोडे खाली दिसेल इतकेच. सुरक्षापट्टा मात्र प्रत्येकाला नवा द्यावा लागणार होता. हवालदारांनी आरी मागितली आणि तिथेच बाकावर बसून स्वतःची शिलाई उसवायला घेतली. मी पट्ट्या कापल्या, त्यांच्या कडा तासल्या. दुपारी दोनच्या सुमारास होल्स्टर पुन्हा ओले करून आम्ही लाकडी नमुन्यावर बसवले. नमुना शेवटपर्यंत गेला, चापाचे कडे पूर्ण झाकले गेले, आणि आत कुठेही घडी पडली नाही.

ही सोय सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांनी जागा करण्यासाठी चापापाशी चामडे कापले असेल, त्यांचे होल्स्टर परतच घ्यायला हवे होते. टेक्सासमधील टॉम थ्रीपर्सन्स या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने १९२०च्या दशकात रूढ झालेल्या घाटात चापाचे कडे उघडेच असते, आणि आजही काही जण तो हौसेने मागतात. मी तो पॅटर्न विकत नाही, याचे कारण हेच.

संपर्क न झालेले तिसरे गिऱ्हाईक दाभोळचे, मासळीचा व्यापार करणारे, पहाटे रोख रक्कम घेऊन फिरावे लागते म्हणून परवाना मिळालेले. तीन वाजता मी मोटारसायकल काढली, हवालदारांना शृंगारतळीला सोडले, पुढे धोपाव्याला फेरीबोट धरली आणि खाडीपलीकडे उतरलो. घर शोधायला अडचण पडली नाही. काकांनी होल्स्टर कमरेवरच लावलेले होते. घट्ट होते म्हणून त्यांनी मासळीच्या सुरीने चापासमोर अर्धगोल कापून काढला होता, आणि गोळ्या भरलेले रिव्हॉल्वर चार दिवस त्यात घालून ते फिरत होते. मी अंगणात उभा राहूनच त्यांना सर्व सांगितले आणि शस्त्र घरात जाऊन आधी रिकामे करण्याची विनंती केली. ते आत गेले, बऱ्याच वेळाने होल्स्टर घेऊन ओटीवर आले आणि माझ्यासमोर बसले.

"माझी शिलाई वाईट होती का?" एवढेच त्यांनी विचारले.

मी ते होल्स्टर दाराच्या उजेडात धरले. इंचाला सहा टाके, दोन सुयांची शिलाई, दोन्ही अंगांनी सारखी तिरकी, कुठेही दोरा सैल नाही. मी तसे त्यांना सांगितले, आणि नवे किट योग्य मापाने कापून आठ दिवसांत पोहोचवण्याचा शब्द दिला. तो मी पाळला. शेवटची फेरी निघायच्या आत धक्क्यावर पोहोचण्यासाठी मला धावावे लागले.

पुढच्या तीन आठवड्यांत तेरा न उघडलेली किटे टपालाने परत आली आणि त्यांच्या जागी नवी गेली. शिवलेल्यांपैकी सात जणांना दोन पट्ट्या, नवा पट्टा आणि उसवण्याची कृती लिहून पाठवली. एकाने चापापाशी कापले होते, त्यांना पूर्ण किट दिले. चुकीचा साचा आणि परत आलेली कापलेली चामडी मी रापीने उभी चिरून टाकली, म्हणजे चुकूनही कोणी ती वापरणार नाही. आता प्रत्येक छापील पॅटर्नचा चौकोन मी स्वतः मोजतो आणि मोजलेला आकडा पेनाने त्यावर लिहितो.

सावंतवाडीच्या दुकानदाराकडच्या सहापैकी दोन किटे त्यांच्याकडेच होती आणि दोन त्यांच्या ओळखीच्या माणसांनी परत केली. उरलेली दोन किटे रोखीने, नाव न लिहिता गेली आहेत, आणि ती मला अजून सापडलेली नाहीत. मार्च ते जून २०२४ या काळात सावंतवाडीत कोणी तपकिरी चामड्याचे .३२ रिव्हॉल्वरचे होल्स्टर-किट घेतले असेल, तर त्यांनी पॅटर्नच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोन पोलादी पट्टीने मोजावा. तो २५.४ मिलिमीटर भरला नाही, तर त्या होल्स्टरमध्ये शस्त्र घालू नये आणि ते त्याच दुकानात नेऊन द्यावे. नवे किट तिथे ठेवलेले आहे, आणि त्याचे पैसे द्यावे लागणार नाहीत.