मोटरची उष्णता: पंख्यानंतरची उलटी गंगा

गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की, पंखा बसवल्यापासून माझ्या विजेच्या गाडीच्या मोटरच्या कवचाचे तापमान ८२ अंशांवरून ६१ अंशांवर आले आणि प्रकरण मिटले. ते विधान मी आज मागे घेतो. गेल्या आठवड्यात नेहमीचा लांब चढ चढून गाडी थांबवली, तेव्हा थर्मामीटर ६१ अंशच दाखवत होता आणि तरीही मोटरच्या जाळीतून भाजलेल्या वार्निशचा तो ओळखीचा, घशात बसणारा वास येत होता.

पहिला संशय अर्थातच थर्मामीटरवर गेला. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर नेहमीच कमी आकडा दाखवतो. त्याच जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवल्यावर तो ६८ वर गेला. पण मुळात मी कवच मोजत होतो आणि जळत होते ते आतले तांबे. म्हणून या वेळी तापमान थेट वाइंडिंगलाच, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांनाच, विचारायचे ठरवले. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, तेव्हा थंड आणि गरम रोधांच्या गुणोत्तरावरून तापमान काढता येते. कंट्रोलरच्या (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीच्या) केबल सोडवून एस१ आणि एस२ या फील्डच्या, म्हणजे मोटरमधल्या स्थिर वेटोळ्याच्या, दोन टोकांमधून नेमका १० अँपिअर प्रवाह सोडला आणि मीटरच्या सुया वेगळ्या, थेट बोल्टांवर टेकवल्या, कारण इतक्या कमी रोधात केबलचा रोधही हिशेब बिघडवतो. थंड मोटरवर, २८ अंशांना, ६४ मिलिव्होल्ट आले, चढानंतर ८५. तांब्यासाठीचा २३४.५ हा स्थिरांक धरून उत्तर येते ११४ अंश, तेही केबल सोडवण्यात दोन-तीन मिनिटे गेल्यानंतर. ही फील्डची सरासरी झाली. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला भाग, फिरते असते आणि त्याला कवचाचा आधार नसतो, तेव्हा तिथली स्थिती याहून वाईट असणार. एफ वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंश असते. माझ्या मोटरच्या पट्टीवर एफच आहे, पण त्या भरवशावर झोप लागत नाही.

मग प्रवाह मोजायला घेतला. इथे एक तक्रार नोंदवतो: ज्या क्लॅम्प मीटरच्या (केबलभोवती चिमट्यासारख्या अडकवायच्या मीटरच्या) खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डीसी’ छापलेले असते, त्यातले अनेक फक्त डीसी व्होल्टेज मोजतात, क्लॅम्पने डीसी प्रवाह नव्हे. माझा पहिला मीटर असाच वाया गेला. डीसी प्रवाहही मोजणारा, हॉल सेन्सरचा क्लॅम्प घेतल्यावर खरा प्रकार उघड झाला. चढावर अर्धे पेडल दाबले असताना बॅटरीच्या केबलमध्ये ८५ अँपिअर होते आणि मोटरच्या केबलमध्ये १९०. कंट्रोलर व्होल्टेज कापतो तेव्हा मोटरमधला प्रवाह बॅटरीतल्या प्रवाहापेक्षा जास्त असतो, हे मला पुस्तकी माहीत होते. डॅशबोर्डवरचा अँमीटर बॅटरीच्या बाजूला लावताना मात्र ते सोयीस्करपणे विसरलो होतो. सावकाश चढलो तर मोटरला आराम मिळतो ही माझी समजूतही तिथेच गेली. चढाला लागणारे बलाघूर्ण (टॉर्क) तेवढेच, म्हणून प्रवाहही जवळपास तेवढाच. फक्त वेळ जास्त लागतो आणि शाफ्टवरचा अंगचा पंखा मंद फिरतो.

तरीही १९० हा आकडा जास्तच वाटत होता. मागचा आस जॅकवर घेऊन चाके हाताने फिरवली, तर उजवे सैल फिरले आणि डावे अर्ध्या फेरीतच थांबले. ड्रम उघडला, ब्रेकचे शूज, स्प्रिंग, सगळे ठीक. केबल मात्र परत येत नव्हती. तिचा माग काढत गेलो आणि पोहोचलो कुठे, तर माझ्याच पंख्याच्या ब्रॅकेटपाशी. त्याच्या खालच्या बोल्टने डाव्या ब्रेक केबलचे आवरण चेपले होते. म्हणजे थंडाव्यासाठी बसवलेला पंखा ब्रेक लावून ठेवत होता आणि वर कवच गार करून मलाच फसवत होता!

ब्रॅकेट दोन बोटे वर सरकवले, केबल बदलली. त्याच चढावर आता मोटरमध्ये १५० अँपिअर, फील्डवर ७६ मिलिव्होल्ट, म्हणजे ७७ अंश. वास नाही. ब्रश काढून पाहिले. हे ब्रश ज्यावर घासून आर्मेचरला वीज देतात, त्या कम्युटेटरच्या काही पट्ट्या काळवंडल्या आहेत, पण खाचा शाबूत आहेत.

मोटर एफपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या एच वर्गाच्या वार्निशने पुन्हा गुंडाळून घ्यायचा बेत होता, तो तूर्त रद्द. मूळचे ८२ अंश मात्र पंख्याच्या आधीचे आहेत, त्यांचा दोष ब्रेकवर ढकलता येणार नाही. तिथे संशय माझ्या २२ इंची टायरांवर आहे. मूळच्या १८ इंचांच्या तुलनेत मोटरवरचे बलाघूर्ण २२ टक्के वाढते, आणि प्रवाह त्याच प्रमाणात वाढला तर तांब्यातली उष्णता जवळपास दीडपट होते. पुढच्या रविवारी जुने टायर चढवून तोच चढ, तेच मिलिव्होल्ट, असे करायचे ठरले होते. पण हे लिहिता लिहिता सुचले की, त्याआधी ब्रश होल्डरला एक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) चिकटवावा आणि पंखा त्याच्या इशाऱ्यावर चालवावा, म्हणजे गाडी थांबल्यावर आर्मेचरची उष्णता बेअरिंगकडे सरकत असतानाही तो फिरत राहील. थर्मिस्टर आणि उष्णता सोसणारा इपॉक्सी घरात पडून आहे. टायर आता त्यानंतर.