आमची वाटचाल : ओंकारेश्वराच्या उतारावरचा छापखाना

शनिवार पेठेतला छापखाना म्हटलं की लोक विचारतात, 'कोपऱ्यावरचा का?' कोपऱ्यावरचा नव्हे. शनिवारवाड्याकडून ओंकारेश्वराकडे निघालं की मुठा नदीच्या बाजूला उतार लागतो, त्या उतारावरचा. स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांतच अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो काढला, तेव्हा पेठेत कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. चित्रशाळा प्रेस १८७८ची, केसरी १८८१चा. पुण्याच्या या भागात छापखाना काढणं म्हणजे पंढरपुरात टाळ विकणं. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, हाताने फिरवायचं कटिंग मशीन, डिग्री खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या टाइपाच्या) केसी, म्हणजे खणांच्या लाकडी पेट्या, आणि एक भागीदार. भागीदार घरातलेच होते, एवढंच लिहितो.

हल्ली रविवारी सकाळी वारसाफेरीवाले येतात. दिल्ली दरवाजा झाला, नानावाडा झाला, मग ओंकारेश्वराला चिमाजी अप्पांची समाधी दाखवायला मंडळी आमच्या दारावरून खाली उतरतात. आमच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्याही वर एक तपकिरी रेघ आहे. मागच्या वर्षी एक तरुण वाटाड्या लोकांना सांगत होता, 'ही ओल बघा, जुन्या चुनखडीच्या बांधकामात अशी चढते.' मी आत प्रूफ बघत होतो. बाहेर येऊन म्हटलं, 'अहो, ओल नाही ती. मुठा आहे.'

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली. मी नऊ वर्षांचा होतो. 'पाणी आलं, पाणी आलं' अशी हाकाटी ऐकून आईने आम्हाला हाताला धरून पर्वतीकडे पळवलं. अण्णा मागे राहिले. त्यांनी ट्रेडलवरचा फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेला मजकूर, उतरवायला घेतला, कारण ओला फर्मा मशीनवर ठेवला तर चेस, म्हणजे त्याची लोखंडी चौकट, गंजते! गाव वाहून जात होतं आणि या माणसाला चेसची काळजी. शेवटी समोरच्या वाड्यातल्यांनी त्यांना जिन्यावर ओढून घेतलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नव्या (शिवाजी) पुलावरूनही पाणी गेलं. दर १२ जुलैला वर्तमानपत्रांत पुलांचे फोटो येतात. छापखान्यांवर एक ओळ कधी आली नाही, आणि ती वर्तमानपत्रं छापली कशाने जात होती, तर खिळ्यांनीच.

संध्याकाळी पाणी ओसरलं तेव्हा आत मांडीभर गाळ. शाई लावायचे सरस-गुळाचे रूळ विरघळून नुसत्या लोखंडी दांड्या उरलेल्या. केसींचं लाकूड फुगून सांधे सुटलेले आणि सगळे खिळे एकमेकांत मिसळलेले. ज्यांनी डिग्री टाइप हाताळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अक्षर वेगळं, वरची वेलांटी वेगळी, खालचा उकार वेगळा. तांदळाएवढे तुकडे, तेही गाळात. पाणी पोटमाळ्याखाली वीतभर थांबलं होतं. वर नुकत्याच आणलेल्या अखंड पैका टाइपाच्या (अखंड म्हणजे अक्षर-वेलांटी एकाच खिळ्यात, पैका हे टाइपाचं माप) पेट्या होत्या, न फोडलेल्या, कोरड्या ठणठणीत.

आठव्या दिवशी भागीदार आले ते हातगाडी घेऊनच. आपल्या वाट्यात त्यांनी त्या पेट्या मागितल्या. अण्णांनी दिल्या. कागद केलेला नव्हता, त्यामुळे वाटा किती हे भागीदारच सांगणार आणि अण्णा मान हलवणार. पुढे त्याच टाइपावर त्यांनी सदाशिव पेठेत, उंचावर, स्वतःचा छापखाना थाटला, आणि आमच्याकडच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं काम तिकडे गेलं. दिवाळीला ते फराळाला येत राहिले. आई चकल्या वाढायची, अण्णा माळ्याकडे बघत बसायचे. म्हणून सांगतो, भागीदार मेहुणा असो की सख्खा भाऊ, स्टँपपेपर करा. आणि कागदाची रिमं जमिनीवर रचू नका, फळी घाला.

गाळ बादल्यांनी उपसून आईच्या पिठाच्या चाळणीत धुतला. खिळे रॉकेलने घासून जुन्या धोतरावर वाळत घातले. शिशावर पांढरट थर धरला होता, तो ब्रशने काढायचा. आमचे तात्या जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, डोळे मिटून, नुसत्या खाचेवरून आणि जाडीवरून खिळा कुठल्या खणातला ते सांगत. माझी बोटं बारीक, म्हणून वेलांट्या आणि रफार माझ्याकडे. दीड महिना दुसरं काही केलं नाही. 'न' आणि 'म' भरपूर मिळाले. रफार मात्र सतराच निघाले, आणि त्यांतलेही बरेच टोक मोडलेले.

त्याच सुमारास मंडईतले कांदे-बटाट्याचे आडते काका आले. गाळ तुडवत उंबऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, 'अण्णा, पावतीपुस्तकं हवीत. दोनशे.' अण्णा म्हणाले, 'मशीन अजून फिरत नाही.' काकांनी धोतराच्या कनवटीतून पैसे काढून केसच्या फळीवर ठेवले. 'फिरेल तेव्हा द्या.' पहिला फर्मा जुळवताना तात्यांना 'फर्म' शब्दाला धड रफार सापडेना, म्हणून त्यांनी सरळ 'फरम' जुळवलं. प्रूफ दाखवताना अण्णांना लाज वाटत होती. काकांनी चष्मा वर करून वाचलं, म्हणाले, 'मंडईत असंच म्हणतात. राहू द्या.'

पुढची पंचवीस वर्षं रीतसर चालली. नवीन टाइप आला, रफार पोतंभर झाले. काकांच्या पावत्यांवर 'फरम'च राहिलं, कारण आम्ही बदलू म्हटलं की ते म्हणत, 'हात लावू नका, लाभलंय.' ऑफसेट आल्यावर ट्रेडल कोपऱ्यात सरकलं. सदाशिव पेठेतला छापखाना ऑफसेटआधीच बंद पडला. त्याचं कारण मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

काकांचा नातू अजून आमच्याकडेच येतो. मंडईचा गाळा त्याने भाड्याने दिलाय, स्वतः मार्केट यार्डात बसतो. गेल्या दसऱ्याला दोनशे पुस्तकांची ऑर्डर दिली. आमच्या डीटीपीवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या, मुलीने शुद्धलेखन म्हणून 'फर्म' करून टाकलं. मी परगावी होतो, माझ्या नजरेखालून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून दोनशेच्या दोनशे पुस्तकं परत आली. छपाईचे पैसे आम्ही सोडून दिले, कागदाचे तेवढे घेतले.