तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनडातली ‘रानभाजी’

श्रावण लागला की हा प्रश्न हमखास येतो, “तिकडे कॅनडात रानभाज्या मिळतात का हो?” तुम्ही विचारलंत म्हणून एकीबद्दल नीट सांगते.

सांगलीकडे गुरांना बरसीम घालतात, तो तीन पानांचा हिरवा चारा आठवा. त्याच्याच गोतातली एक जात कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या व्हँकुव्हर बेटावर आणि समोरच्या किनाऱ्याला खाडीच्या तोंडाशी उगवते. स्प्रिंगबँक क्लोव्हर. भरतीचं पाणी येऊन परततं तिथली जमीन. कोकणातल्या माणसाला ‘खाजण’ म्हटलं की कळेल. फुलं जांभळट, टोकाला पांढरी. खायच्या त्या मात्र मातीखालच्या लांब, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या.

तिथल्या मूळच्या क्वाक्वाकावाक्व लोकांच्या बायका पाला वाळल्यावर टणक लाकडाच्या काठीने त्या उकरून काढत, सीडर झाडाच्या लाकडी पेटीत तापल्या दगडांवर वाफवत. खायच्या युलाकॉन या छोट्या माशाच्या तेलाबरोबर. या लोकांतच वाढलेल्या जॉर्ज हंट यांनी या कृती बारकाईने टिपल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी 1921 साली छापल्या. मी चाखल्या त्या चारच मुळ्या, एका आजींच्या घरी. मोड आलेल्या मुगाची आठवण झाली, मागून हलकी गोडी.

पण हिला रानभाजी म्हणताना माझी जीभ अडखळते. खाडीतले वाफे घराण्याघराण्यांत वाटलेले होते, वारशाने येत. हद्दीला खुंट असत. माती भुसभुशीत करायची, दगड नि तण वेचायचं, आणि मुळीचे तुकडे मुद्दाम मातीत ठेवायचे, आपण आल्याचे ठेवतो तसे, म्हणजे पुन्हा फुटतात. ही शेतीच की! बाहेरून आलेल्या गोऱ्यांना नांगर दिसला नाही, म्हणून त्यांनी त्याला रान ठरवलं. पुढे कितीतरी खाड्यांना बांध पडले, वाफ्यांत गुरं चरली. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो.

ही विद्या पुरती गेली नाही, त्याचं मोठं श्रेय किंगकम खाडीकडचे, याच लोकांचे प्रमुख अ‍ॅडम डिक यांना. लहानपणी त्यांना निवासी शाळेत (मूळच्या लोकांच्या मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा, चालीरीती विसरायला लावणाऱ्या शाळा) नेऊ नये म्हणून आजीआजोबांनी लपवून वाढवलं आणि हे सगळं शिकवलं. त्यांनी ते नॅन्सी टर्नर यांच्यासारख्या वनस्पतीअभ्यासकांना सांगितलं, आणि किंगकमला पुन्हा वाफा धरला गेला.

तर, मिळते. पण मी खणायला जात नाही. त्या जमिनीला धनी आहेत. त्यांनी बोलावलं, वाढलं, तर जेवते.