तुम्ही विचारलंत म्हणून: पॉडकास्ट कुणाच्या बाजूचा?

आमचा कोकणातल्या बातम्यांचा पॉडकास्ट कुठल्या पक्षाकडे झुकतो, याचं एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाही. ‘बातम्यांच्या प्रत्येक भागात कुणाची बाजू कशी आली याचा तक्ता तूच भरतेस, मग सांगून टाक की’ असं म्हणणाऱ्यांत माझे दोन सख्खे भाऊ आहेत, एक या सेनेतला, दुसरा त्या. आमचा पॉडकास्ट समोरच्याला विकला गेलाय यावर मात्र दोघांचं एकमत आहे. सध्या घरात तेवढंच एकमत आहे.

हे फक्त आमच्याकडेच होतं असंही नाही. व्हॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैरूतच्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या, आणि दोन्ही गटांना त्या आपल्याच विरुद्ध वाटल्या. पण ‘दोन्हीकडचे चिडलेत, म्हणजे आपण मधोमध’ असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडचे चिडलेले असतानाही आपण एकीकडे झुकलेलो असू शकतो.

मोजते काय, तेही विचारता. कुणाला किती सेकंद मिळाले, हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फसवं. पालकमंत्री जेटीच्या उद्घाटनाला बोलतात ते सरकार म्हणून की पक्ष म्हणून? मी सरकारच्या रकान्यात टाकते. थोरला म्हणतो, हीच तुमची चलाखी. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, त्यानंतर रकान्यांची नावंच बदलावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंद्यांच्या बाजूला दिल्यावर कुणाला नुसतं ‘शिवसेना’ म्हणायचं आणि कुणापुढे ‘गट’ लावायचं, यावरच अर्धे श्रोते आमचा निकाल लावून मोकळे होतात. शिवाय कोण ‘स्पष्ट करतं’ आणि कोण ‘आरोप करतं’, कुणाला ‘म्हणाले’ आणि कुणाला ‘म्हणाला’, शेवटचं वाक्य कुणाचं, हेही टिपते.

आणि वाईट बातमी म्हणजे पक्षपात नव्हे, हे किती वेळा सांगू? २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या दिवसाचं काहीही ऐका, काळंच ऐकू येणार.

आवाजाचं तर आणखी वेगळंच. एप्रिल २०२३ मध्ये राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा आम्ही दोन्ही बाजूंना वेळ अगदी काट्यावर तोलून दिला. समर्थक खोलीत बसून फोनवर बोलले. विरोधातल्या बायका सड्यावरून, उन्हावाऱ्यात, पोलिसांच्या गाड्यांच्या घरघरीत. तक्त्यात बरोबरी, कानाला एक बाजू समंजस आणि दुसरी आरडाओरडा. त्यानंतर मी आवाजाच्या प्रतीचा रकाना वाढवला. त्याचं पुढे काय करायचं ते अजून ठरत नाही.

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते राजकोटच्या भागाबद्दल. तर तेही सांगते.

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणातल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. नौदल दिनाला, ४ डिसेंबर २०२३ ला, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला. वर्षही झालं नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास होता, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. आमच्या निवेदकाने भाग असा उघडला: “वारो जोराचो होतो म्हणतत. आमच्या वाडीत माड एकव पडूक नाय.” मग जरासा थांबला, आणि पुढे सरळ बातमी. कोण काय म्हणालं, गुन्हा कुणावर, सगळं रीतसर.

आमच्याकडे नियम असा की तिघांनी एकमेकांना न विचारता सूर टिपायचा, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत, आणि तो कुणाबद्दलचा तेही लिहायचं. मालवणच्या कॉलेजातल्या मुलीने सरकारबद्दल उणे दोन दिले. राजापूरच्या निवृत्त गुरुजींनी शून्य: “दोन साधी वाक्यं आहेत. शेरा कुठाय?” मी उणे एक. मराठी ट्विटांवर शिकवलेलं भावना ओळखणारं मॉडेलही लावून पाहिलं; त्याच्या मते तटस्थ. योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करून खरं एकमत किती, हे सांगणारा ‘कॅपा’ नावाचा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिला. दोघादोघांच्या जोड्या लावून मी तो काढते. सूर या रकान्यात त्या भागापुरतं एकमत जवळपास उरलंच नव्हतं.

तक्ता बैठकीत दाखवला. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता. एका गटात ‘बघा, त्यांच्याच तक्त्यात निवेदक सरकारविरोधी’ म्हणून, दुसऱ्यात ‘एवढं होऊनही यांचे गुरुजी शून्य देतात’ म्हणून. फोटो कुणी काढला ते मला कळलंय, पण इथे लिहिणार नाही.

निवेदक मला एवढंच म्हणाला, “माझो आवाज मोजतंस गो? मग गावाचोय मोज.”

पुढच्या भागापासून तो आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसारखं बोलायला लागला. शुद्ध, सपाट, एका पट्टीत. सुराच्या रकान्यात शून्यांची रांग लागली आणि तिघांचं एकमत पूर्वी कधी नव्हतं इतकं जुळलं. श्रोते विचारायला लागले, त्याची तब्येत बरी नाही का?

मी त्याला मालवणी सोडायला सांगितलं नव्हतं. हे मी घरी, बैठकीत, त्याच्या बायकोसमोरही सांगितलंय. तक्ता नसता तर कुठल्याही कार्यकर्त्याने उठून ‘तुम्ही विकले गेलात’ म्हणायचं आणि आम्ही शपथा घालत बसायचं, हे तुम्हाला चाललं असतं का? ६ जानेवारीला पत्रकार दिनी मीच भाषण ठोकलं होतं, की १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच पोंभुर्ल्याचे, तेव्हा आपण आरसाही दाखवू आणि वर मोजपट्टीही धरू. टाळ्या पडल्या होत्या. ते भाषण करणारी बाई आज भेटली तर ती म्हणेल, एका माणसाच्या मनाला लागलं म्हणून मोजणं थांबवायचं का? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मी तिला एवढंच दाखवेन, की नंतरच्या एका भागात त्याने म्हटलं, ‘प्रशासनाने वाऱ्याकडे बोट दाखवलं.’ चिमटा तोच. फक्त प्रमाण मराठीत. तिघांनीही शून्य दिलं, मीसुद्धा.

म्हणजे आम्ही कल मोजत होतो की बोली? गुरुजी म्हणतात, कलच. मालवणीत तो उघडा पडतो एवढंच. ती मुलगी सूर हा रकानाच आता भरत नाही, कोरा ठेवते. मला दोघांचंही पटतं, ते वेगवेगळ्या दिवशी.

निवेदक मासळीचे दर आणि हवामान पुन्हा मालवणीत सांगतो. पक्षांच्या बातम्या आल्या की नाही. मी त्याला विचारलेलं नाही, आणि विचारलं तर तो शुद्ध मराठीत उत्तर देईल अशी भीती वाटते.

तेव्हा बाजू विचारायची असेल तर तक्ता मागा, सगळा देते. तिघांचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असतील, एक रकाना अर्धा कोरा असेल. सरासरी मात्र मी काढून देणार नाही.