कीपरकाकांची करंगळी

डिसेंबरातला शेवटचा रविवार म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या पोरांचा मेळावा. सकाळी पटांगणात टेनिस बॉलची मॅच, दुपारी तांबडा-पांढरा, ऊन उतरलं की स्टेजवर नकला आणि फिशपॉन्ड. फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणारं आमचं कोल्हापूर. पण त्या एका दिवशी शाळेत फक्त क्रिकेट, आणि तेही कीपरकाकांमुळे.

काका जिल्ह्याकडून तीन हंगाम खेळले. कीपर आणि सहाव्या नंबरचे बॅट्समन. पुण्याला निवड शिबिराचं बोलावणं आलं, तिथं दुसऱ्याच दिवशी करंगळी मोडली. बोट बरं होईतोवर त्यांच्या जागी दुसरा उभा राहिला होता. मग नोकरी लागली आणि खेळ सुटला. एवढीच कारकीर्द.

पण मॅच सुरू व्हायच्या आधी चिंचेखाली खुर्ची टाकून काका बसले की लहान पोरं भोवती जमायची. करंगळी पेरापाशी बाहेर वळलेली, सरळ होतच नव्हती. तीच पुढं धरून सांगायचे, "बोटं खाली, जमिनीकडं. मॅटिंगवर बॉल उसळतोय, त्याच्याबरोबर उठायचं. आधी उठलास की बॉल मागं निसटून बायची फुकट रन गेली बघ. आणि बॉलवर झडप घालायची नाही. पाहुणा दारात आला की आपण मागं सरून वाट देतो का नाही? तसे हात मागं घ्यायचे." ग्लोव्हजच्या आतले पातळ हातमोजे, म्हणजे इनर, पाण्यात भिजवून घालायचे, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

संध्याकाळी स्टेजवर त्यांची एकच गोष्ट, दरवर्षी तीच. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, संघाच्या ४ बाद ८२६. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी करायला किती हव्या होत्या? अख्खं पटांगण ओरडायचं, "नऊ!" आणि जेवणाच्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामनाच सोडून देतात. काका क्षणभर गप्प व्हायचे. मग म्हणायचे, "इतकं खेळून माणसाला एक अधिकृत कसोटी मिळाली नाही. आणि भाऊसाहेब गरज पडली की कीपिंगलाही उभे राहायचे, ते कुणी सांगत नाही." हे शेवटचं वाक्य ते फार मायेनं म्हणायचे. त्या पुण्याच्या शिबिराबद्दल काका आम्हाला कधी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं, जे मनात होतं ते या गोष्टीतून बोलून घ्यायचे.

११ डिसेंबर २०१२ ला भाऊसाहेब गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्या वर्षीच्या मेळाव्यात काका स्टेजवर चढले. गोष्ट सांगता सांगता "किती हव्या होत्या?" इथवर आले आणि पुढं त्यांना बोलवेना. पटांगणानं "नऊ" म्हटलं, पण अगदी हळू.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मित्राची नात कीपिंगला उभी राहिली. अकरा वर्षांची, ग्लोव्हज कोपरापर्यंत आल्यासारखे दिसत होते. काकांनी स्वतः तिच्या मनगटाचे पट्टे आवळून दिले. चौथ्या ओव्हरला बॉल लेगला वळून बॅटच्या मागून निघाला, आणि पोरगी दोन पावलं सरकून खाली बसली. बॉल हातात आला तेव्हा हात आपसूक मागं गेले.

मी चिंचेकडं बघितलं. काका खुर्चीतून अर्धे उठले होते. बोटं खाली, जमिनीकडं.