समासातला 'बरं, मग?'

लीड्सला बीएच्या पहिल्या निबंधात मला ५२ गुण मिळाले. नागपूरला फोन करून आईला सांगितलं, तर ती गप्पच झाली. इथे ४० ला पास आणि ७० च्या वर प्रथम श्रेणी, हे तिला समजावलं. पण ५२ मलाही बोचत होते. त्याहून जास्त बोचला समासातला शेरा. पहिल्या परिच्छेदाशेजारी आमच्या बाईंनी दोनच शब्द लिहिले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'बरं, मग?'

विषय होता, राजधानीचा दर्जा गेलेलं शहर. मी नागपूर घेतलं, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं. सुरुवात अशी केली : 'भारताच्या मध्यभागी वसलेले, संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले नागपूर हे ऐतिहासिक शहर आहे.' पुढे भोसले, इंग्रज, मध्य प्रांत, १९५६, सगळं ओळीने. माहितीत चूक नव्हती. पण वाचणाऱ्याला मला काय पटवायचंय, ते २००० शब्दांत कुठेच नव्हतं.

शाळेत आपण निबंध सजवायला शिकतो : सुविचार, कवितेच्या दोन ओळी, गोड उपसंहार. त्यातून भाषेला ओघ आला, ते मी मोलाचंच मानते. कॉलेजचा निबंध मात्र वेगळं मागतो. बाईंना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळा निबंध एका वाक्यात सांग. आणि वाक्य असं हवं, की ऐकणारा म्हणू शकेल, मला नाही पटत." नागपूर ऐतिहासिक आहे, याला कोण नाही म्हणणार?

तो सरावाचा निबंध होता. पक्का जानेवारीत द्यायचा होता. डिसेंबरात सुट्टीला घरी आले. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं, सिव्हिल लाइन्सकडे जिकडेतिकडे पोलिसांचे अडथळे. रविवारी सकाळी तर्री पोहे खाता खाता बाबांना माझं वाक्य वाचून दाखवलं : '१९५६ मध्ये राजधानी गेली, आणि बदल्यात नागपूरला नुसता मान मिळाला, अधिकार नाही.'

"काहून? हायकोर्टाचं खंडपीठ काय मानापुरतं आहे का?" बाबांची उभी हयात कोर्टाच्या फायलींत गेली आहे. त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि अर्धा तास मला एकेक मुद्दा ऐकवला.

माझा निबंध खरा सुरू झाला तो तिथे. बाबांचा मुद्दा टाळला असता तर वाक्य तसंच कच्चं राहिलं असतं. तो आत घेतला आणि वाक्य बदललं : न्यायाचा अधिकार नागपुरात वर्षभर राहिला, कायदे करण्याचा मात्र अधिवेशनापुरता उरला. विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा शोधून त्याला निबंधात मानाची जागा द्या, हे मी आपल्या नागपूरच्या पोरांना आवर्जून सांगेन. ज्याच्याशी रोज वाद होतो, असा माणूस घरात असेल तर त्याला आधी वाचून दाखवा. वाक्य मराठीतच मांडा. परकी भाषा विचार झाल्यावर येऊ द्या.

मग जुन्या वहीच्या पानावर प्रत्येक परिच्छेदाचं काम एकेका ओळीत लिहिलं. भोसल्यांच्या परिच्छेदापुढे काहीच लिहिता येईना. आठवडाभर खपून लिहिला होता, जीव तुटला, पण काढला. संत्रीही गेली. उरलेल्या जागेत विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेण्यासाठी नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आला. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, हे त्यातच ठरलं होतं. आधी मी वर्तमानपत्रातल्या लेखावर भिस्त ठेवली होती. आता कराराची कलमंच वाचली. मूळ कागद हाताशी असला की वाक्याला आपोआप वजन येतं. शेवटी सगळं मोठ्याने वाचलं. जिथे दम लागला, तिथे वाक्य तोडलं.

६६ गुण आले. बाबांनी गुण विचारलेच नाहीत.

"खंडपीठाच्या परिच्छेदाजवळ काय लिहिलं बाईंनी?"

"प्रश्नच लिहिलाय. न्यायालय टिकलं, मग विधिमंडळ का नाही?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब," बाबा म्हणाले, "चष्मा घेऊन येतो."